कुलूप कुठे होतं

३ मार्च

ताई,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला एवढी मोठी पट्टी आहे की मी बॉक्सिंगवाला वाटतो. फोनवर तू रडतेस, मग मी ओरडतो, मग कंपनीच्या खोलीतले बाकीचे सात जण कान टवकारतात. म्हणून पत्र. पत्रात मध्ये कुणी बोलत नाही.

नीट सांगतो, कारण फोनवर तू निम्मंच ऐकलंस. आमच्याकडे साबण होतो. एक मोठा मिक्सर आहे, त्याच्या तोंडातून माणूस कंबरेपर्यंत आत वाकू शकतो. आत पाती. गुलाबाचा साबण संपवून लिंबाचा घ्यायचा असला की मिक्सर आधी खरवडून काढायचा, नाहीतर ना धड गुलाब, ना धड लिंबू. ते खरवडायचं काम माझं. त्याला नियम आहे. प्रत्येकाला कंपनीने एकेक लाल कुलूप दिलंय, त्यावर ज्याचा त्याचा नंबर. माझा ११७. मिक्सरमध्ये हात घालण्याआधी स्विचच्या पेटीला आपलं कुलूप मारायचं, किल्ली आपल्या खिशात. कुलूप आहे तोवर मालक आला तरी मिक्सर चालू करू शकत नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं.

त्या दिवशी मी आत वाकलो होतो. स्विचची पेटी मागच्या बाजूला खांबाआड आहे, तिथून माणूस दिसत नाही. फिटर आला. त्याने सकाळी बेअरिंग बदललं होतं, चालवून बघायचं होतं. त्याने कुलूप कापलं आणि बटण दाबलं. पातं अर्धा फेरा फिरलं असेल. तेवढं पुरलं. दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. कापताना डॉक्टरने मला विचारलंसुद्धा नाही. नाक खाजवायला अजून तीन आहेत म्हणा.

आता ऐक. दोन मेला चौकशी आहे. वरच्या ऑफिसातून तीन माणसं येणार. माझी जबानी मुख्य. मी सांगितलं की फिटरने कुलूप कापलं, तर त्याची नोकरी जाईल आणि त्याला पोलिसांत देतील. पन्नाशीचा माणूस आहे, चष्मा लावतो, आपलीच भाषा बोलतो. सगळे त्याला काका म्हणतात. मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. मी त्याला सोडणार नाही, ताई. तुझे ते भन्ते काय म्हणतील ते मला माहीत आहे, त्यामुळे ते लिहू नकोस.

तुझा,
भुंगा


१३ मार्च

भुंग्या,

तू लिहू नकोस म्हणालास, म्हणजे मी लिहिणार हे तुला माहीत होतं.

पत्र दवाखान्यात नेलं होतं. इथे मी माणसांच्या डोळ्यांत थेंब टाकते, मग अर्धा तास त्यांनी डोळे मिटून बाकावर बसायचं. डोळे मिटलेली माणसं फार बोलतात. आज एक आजोबा म्हणाले, "बाई, आज तुमचं लक्ष कुठे आहे?" डोळे मिटलेले असून त्यांना कळलं. मी म्हटलं, माझ्या धाकट्याचा हात गेलाय. त्यांनी सरकून मला बाकावर जागा करून दिली.

तुझी दोन बोटं मला रोज दिसतात. तुला अक्षर गिरवायला मी शिकवलं, त्याच दोन बोटांत पेन्सिल धरवून. चौथीनंतर तू शाळा सोडलीस तेव्हा मी जेवले नव्हते. त्यामुळे मला राग नाही असं समजू नकोस. त्या फिटरला समोर बघितलं असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

म्हणून मी सकाळी विहारात जाऊन बसते. तुला माहीत आहे आम्ही काय करतो, तू चेष्टा करायचास. आधी स्वतःचं भलं चिंतायचं. मग जिवलगाचं, ती जागा तुझी. मग ज्याचं आपल्याला काहीच नाही अशा कुणाचं. आणि शेवटी वैऱ्याचं. इतकी वर्षं ती शेवटची जागा माझ्याकडे रिकामीच असायची, मी तिथे घरमालकाला बसवायची. आता तिथे तुझा फिटर बसतो. तीन दिवस मला त्याच्यासाठी एक शब्द सुचला नाही. चौथ्या दिवशी एवढंच जमलं, "याचा चष्मा फुटू नये." हसू नकोस.

भन्ते म्हणाले, राग आला तर आला, त्याला हाकलू नका, पण त्याच्या हातात पेन देऊ नका. तुझ्या हातात दोन मेला पेन आहे. त्या माणसाला एकदा विचार तरी, त्याने असं का केलं. कुणी उगाच कुलूप कापत नाही.

स्वेटर पाठवलाय. लोकर टोचेल, पण ऊब आहे.

ताई


२३ मार्च

ताई,

स्वेटर मिळाला. टोचतो. उशाशी घेऊन झोपतो, कारण माझ्या पेटीला सध्या दोरी बांधलीय आणि इथल्या लोकांचा भरवसा नाही.

"एकदा विचार." काय विचारू? "काय हो, माझी बोटं कापताना मजा आली का?" तो दवाखान्यात दोनदा आला होता. मी भिंतीकडे तोंड केलं. तो खुर्चीत बसून राहिला, चष्मा पुसत. जाताना म्हणाला, "भुंग्या, तुला ठाऊक आहे." बस, एवढंच. काय ठाऊक आहे? मला एवढंच ठाऊक आहे की आता मला बुटाची नाडी बांधता येत नाही.

लोक म्हणतात, बटण त्यानेच बंद केलं, स्वतःचा शर्ट फाडून हात त्यानेच बांधला. अगं, सुरूही त्यानेच केलं होतं ना! आग लावणाऱ्याने बादलीभर पाणी टाकलं म्हणून त्याची आरती करायची?

सुपरवायझर मात्र माणूस निघाला. खोलीवर संत्री घेऊन आला. स्वतः सोलून दिली. म्हणाला, "तुला काही पाठ करायचं नाही. कापलेलं कुलूप टेबलावर असेल. विचारतील, तुझंच का? तू हो म्हणायचं. विचारतील, मिक्सरला लावलं होतंस का? तू हो म्हणायचं. दोन वेळा हो. मग तुला हलकं काम, पॅकिंगमध्ये. बसून. जन्मभर." मी म्हटलं, आणि फिटर? तो म्हणाला, "त्याचं तो बघेल. इथे प्रत्येकाने आपलं बघायचं असतं. मी बघतो, तू बघ."

खोलीतले सगळे हेच म्हणतात. कॅन्टीनमध्ये फिटरच्या बाकावर आता कुणी बसत नाही. तो एकटाच जेवतो आणि ताट धुऊन निघून जातो. मला बरं वाटतं ते बघून. वाटतं म्हणजे वाटायला पाहिजे.

तू त्याच्या चष्म्यासाठी प्रार्थना कर. मी माझ्या हातासाठी करतो.

भुंगा


२ एप्रिल
(फिटर, देखभाल विभाग, साबण कारखाना, यांना)

भाऊ,

तुमचं नाव मला माहीत नाही. माझा भाऊ तुम्हाला नुसतं फिटर म्हणतो. ज्याचा हात तुमच्या मिक्सरमध्ये गेला, त्याची मी मोठी बहीण. आई गेल्यापासून त्याला मीच वाढवलंय.

हे पत्र तो लिहीत नाही, मी लिहिते आहे. त्याला कळलं तर तो माझ्याशी बोलणार नाही. मी महिनाभर तुमचा राग केला. रोज सकाळी बसून तो थोडा थोडा बाजूला सारत होते. काल पहिल्यांदा असं झालं की तुम्ही मनात आलात आणि राग आला नाही. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला कळवावं.

तुम्ही माझ्या भावाचं कुलूप कापलंत. का कापलंत, घाई होती का, कुणी हुकूम केला का, मला माहीत नाही. तुमच्या मनात त्याला इजा करायचं नसणार, एवढं मला कळतं. मी तुम्हाला माफ केलं. माझ्या भावाच्या वतीने नाही, ते त्याचं त्याने बघावं. पण माझ्याकडून तुम्ही मोकळे आहात. चौकशीत काय व्हायचं ते होवो, हे मनात असू द्या.

तुमचं मंगल होवो.

भुंग्याची ताई


११ एप्रिल

बाई, नमस्कार.

पत्र पोचलं. मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं, माझ्या बाकावर. हल्ली तिथे वाचायला निवांत मिळतं.

तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत. पण ते पत्र मला दगडासारखं लागलं. दोन महिने लोक मला शिव्या देतात, तेवढं लागलं नव्हतं. शिवीला निदान उलट उत्तर देता येतं. माफीला काय उत्तर द्यायचं?

म्हणून सरळ लिहितो. मी कुलूप कापलं नाही. पेटीवर कुलूप नव्हतं. मी बघितलं, हाताने चाचपून बघितलं, कारण चष्म्यावर साबणाची भुकटी बसलेली असते. नव्हतं.

आता माझी चूक. कुलूप नसलं तरी मिक्सरच्या तोंडाशी जाऊन "आत कोण आहे" असा आवाज द्यायचा असतो. अठरा वर्षं देत आलो. त्या दिवशी सुपरवायझर मागे उभा राहून घड्याळ दाखवत होता, आणि मी आवाज दिला नाही. तीन शब्द. त्याची माफी तुम्हाला द्यायची असेल तर द्या, ती मी हात पुढे करून घेतो. कुलूप कापल्याची मात्र मला नको. ती परत पाठवतो आहे, पत्रासोबत.

कुलूप कुठे होतं ते तुमच्या भावाला विचारा. मी सांगणार नाही. चौकशीत मी "नव्हतं" एवढंच म्हणेन. मला कुणी खरं मानणार नाही, कारण कापलेलं कुलूप त्यांच्याकडे आहे. ते त्यांच्याकडे कसं आलं, हेही त्यालाच विचारा.

मी साधू नाही. त्याचा मला राग येतो. पण हात बांधताना तो "काका, काका" करत होता. तेही ऐकू येतं.

तुम्ही माफ केलंत तो,
फिटर


१९ एप्रिल

भुंग्या,

फिटरचं पत्र सोबत ठेवलंय. आधी ते वाच. मग हे.

वाचलंस?

मी तुझ्या पाठीमागे त्यांना लिहिलं होतं. तुला राग आला असेल तर येऊ दे, आता माझी पाळी संपली, तुझी आहे. मी एका निरपराध माणसाला मोठेपणाने माफ करून टाकलं, भुंग्या! घरात बसून, दोन रुपयांच्या पाकिटात घालून. वर "तुमचं मंगल होवो" असंही लिहिलं. ते पत्र आठवलं की कानशिलं तापतात.

आणखी एक सांगते, कारण तुझ्याकडून खरं मागायचं तर मला लपवून चालणार नाही. त्यांचं पत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार हा आला की गॅस पेटवावा आणि हे त्यावर धरावं. कुणाला कळणार? तुला बसून काम मिळेल, जन्मभर. एका अनोळखी माणसाची नोकरी जाईल. मी काडी ओढलीसुद्धा. म्हणजे तुझ्या सुपरवायझरला मी नावं ठेवायला नकोत. दहा वर्षं विहारात बसून मी एका काडीएवढी दूर होते त्याच्यापासून.

भन्तेंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, एका गोष्टीमागे कधी एकच कारण नसतं. तिथली घाई आहे, न दिलेला आवाज आहे, सुपरवायझर आहे. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, एकालाच धरून फासावर देता येत नाही. मला जरा बरं वाटलं. मग ते म्हणाले, "पण बाई, कारणं मोजायला बसलं की माणसाने स्वतःपासून सुरुवात करायची असते, आणि बहुतेक जण नेमकं तेवढं एक विसरतात."

आज सकाळी बसले. स्वतःचं भलं चिंतलं. मग जिवलगाच्या जागी आले, आणि तू तिथे नव्हतास. शेवटच्या जागी होतास. वैऱ्याच्या. मी उठून बाहेर पायरीवर येऊन बसले.

दोन मेला काय सांगायचं ते मी तुला सांगणार नाही. मला फक्त एक कळव. कुलूप कुठे होतं?

ताई


२८ एप्रिल

ताई,

पेटीला होतं. माझ्या, कपड्यांच्या. झालं समाधान?

तुला काय जातं तिकडे बसून विचारायला! आठ माणसं एका खोलीत, आठ पत्र्याच्या पेट्या. पहिल्याच आठवड्यात माझे बूट गेले. मग साबण. साबणाच्या कारखान्यात साबण चोरतात, विचार कर. मग आईचा फोटो ज्या पाकिटात होता ते पाकीट गेलं. फोटो गादीवर टाकून गेले, कनवाळू लोक. मी बाजारातून कुलूप आणलं, ते हातोडीच्या एका ठोक्यात फुटलं. कंपनीचं लाल कुलूप फुटत नाही. मग ज्याने त्याने तेच पेटीला लावलं. आठहीजणांनी. त्यानंतर काही गेलं नाही. दोन महिने मी मिक्सर बिनकुलपाचा खरवडला. सुपरवायझर रोज सकाळी कागदावर "कुलपं तपासली" अशी सही करतो, चहा पिता पिता. तपासत कधीच नाही.

मी दवाखान्यात असताना तो खोलीवर आला आणि माझ्या पेटीचं कुलूप मोठ्या कटरने कापून घेऊन गेला. सगळ्यांनी बघितलं. कुणी बोलणार नाही, बोललं तर त्यांच्या पेट्यांवरची लाल कुलपंही उघडी पडतील. मी परत आलो तर पेटीला दोरी. मला तेव्हाच समजलं. मग तो संत्री घेऊन आला.

एक गोष्ट तुला सांगितली तर तू मला वेडा म्हणशील. मी फिटरला इतक्या शिव्या दिल्या, रोज, सगळ्यांसमोर, की मला हळूहळू खरंच वाटायला लागलं, मी कुलूप लावलं होतं. किल्ली फिरवल्याचा आवाजसुद्धा आठवायला लागला. खट्ट. किल्ली खिशात टाकल्यावर मांडीला थंड लागली, तेही. तुला पहिलं पत्र लिहिताना मी खोटं लिहीत नव्हतो, ताई, म्हणजे लिहीत होतो, पण हात थांबत नव्हता. तो दवाखान्यात आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर ती थंड किल्ली नाहीशी झाली असती.

आता मला सांग मी काय करू. खरं बोललो तर मला काढतील. नियम मोडला म्हणून. तीन बोटांच्या माणसाला कोण ठेवतं? सुपरवायझर मला जिवंत सोडणार नाही, खोलीतले सात जण तर त्याच्या आधी. खोटं बोललो तर त्या माणसाला बेड्या. तू म्हणतेस, सांगणार नाही. मग विचारलंस कशाला? मला शेवटच्या जागेवर बसवून तू पायरीवर जाऊन बसलीस. मी कुठे जाऊन बसू?

हे तुला मिळेल तेव्हा दोन मे होऊन गेलेली असेल. त्यामुळे तू काही करू शकत नाहीस. बरंच झालं.

भुंगा


९ मे

ताई,

बसून वाच.

दोन मेला सकाळी मला मीटिंगच्या खोलीत नेलं. लांब टेबल, तीन माणसं, मध्ये एक बाई. तिच्यासमोर प्लास्टिकच्या पिशवीत कापलेलं कुलूप. सुपरवायझर माझ्या उजव्या बाजूला, फिटर दाराजवळच्या खुर्चीत. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

बाईंनी विचारलं, "हे तुमचं कुलूप का?" मी हो म्हटलं. पहिला हो. सुपरवायझरने मान हलवली, शाबासकीसारखी.

"हे कुठे लावलं होतं?"

मी ठरवून गेलो होतो की दुसरा हो म्हणायचा. खरंच सांगतो. रात्रभर तेच घोकलं होतं. पण तिने "मिक्सरला लावलं होतं का" असं विचारलंच नाही, "कुठे" असं विचारलं. त्याला हो म्हणता येत नाही. जागा सांगावी लागते. सुपरवायझरने घसा खाकरला. मी म्हटलं, "माझ्या पेटीला. कपड्यांच्या."

मग जो गोंधळ झाला! सुपरवायझर म्हणाला, औषधांनी पोराचं डोकं फिरलंय, डॉक्टरचा कागद आणतो. बाई म्हणाली, "थांबा." मग माझ्याकडे वळून, "दाखवा." म्हणजे काय ते मला समजेना. ती उठलीच. आम्ही सगळे आमच्या खोलीवर गेलो, ती पुढे, सुपरवायझर मागून घाम पुसत. दार उघडलं. भिंतीला लागून आठ पेट्या. सातांना सात लाल कुलपं, नंबर बाहेर, एका ओळीत. आठवीला दोरी. बाईंनी नंबर लिहून घेतले. शेजारच्या खोलीत गेली, तिथेही लालच लाल. एकूण बेचाळीस.

निकाल परवा लागला. फिटरवरचा आरोप काढला. आवाज दिला नाही म्हणून त्याला ताकीद. सुपरवायझरची दुसऱ्या कारखान्यात बदली, म्हणजे तिकडे जाऊन तो परत चहा पिता पिता सही करणार. मला काढलं. खोलीतल्या सातजणांना लेखी समज मिळाली, कुलपं जमा झाली. त्या दिवसापासून माझ्याशी कुणी बोलत नाही. काल माझा स्वेटर पाण्याच्या पिंपात सापडला. एक जण तेवढा जवळून जाताना पुटपुटला, "स्वतः बुडालास ते बुडालास, आमचे बूट कशाला घेऊन बुडालास?" बरोबर आहे त्याचं.

तुला वाटेल, निदान फिटरने पाठीवर हात ठेवला असेल. नाही. सामान परत केल्याच्या कागदावर शेवटची सही त्याची लागते, म्हणून आज दुपारी वर्कशॉपमध्ये गेलो. त्याने सगळं टेबलावर मांडायला लावलं. गमबूट, गॉगल, खरवडायची पट्टी.

"गॉगलची काच फुटलीय."

"तेव्हाच फुटली, काका."

त्याने "फुटका" असं लिहिलं. मी आठवडाभर घोकलेलं वाक्य काढलं, "काका, माझं चुकलं, मला मा..."

"नको मागूस." त्याने मानही वर केली नाही. "तू मागितलीस की मला द्यावी लागेल. तुझा तो हात समोर दिसतोय, तोंडातून निघूनच जाईल. मग घरी जाऊन मी तुला शिव्या देत बसेन. तुझ्या ताईने मला दिली होती तशी घाईची नको."

त्याने चष्मा काढला. म्हणाला, "माझ्या मुलीने मला विचारलं, बाबा, तुम्ही खरंच कुणाचा हात कापला का? बारा वर्षांची आहे. मी नाही म्हटलं. ती बरं म्हणाली. पण आता माझ्या हातचं काही घेताना ती आधी माझ्या हाताकडे बघते. याचं मी काय करू, सांग."

ताई, मला एवढं बोलता येतं, तुला माहीत आहे, पण तिथे एक शब्द सापडला नाही. तू विहारात बसून जे शोधतेस ते कदाचित हेच असेल, की दुसऱ्याच्या घरात आपल्यामुळे काय झालं ते बघायचं, आणि तोंड भिंतीकडे करायचं नाही. मी केलं नाही. तेवढंच जमलं.

शेवटी त्याने सही केली. कागद देताना म्हणाला, "तुझ्या ताईचा पत्ता आहे माझ्याकडे. मन झालं की लिहीन."

"किती दिवस लागतील?"

"मला काय माहीत? साबण आहे का, इतक्या तासांत तयार म्हणून सांगायला?" मग म्हणाला, "आणि आवाज मीही दिला नव्हता. ते तू बघ, तुला कधी जमतंय." मी लगेच म्हणणार होतो, जमलं, केव्हाच जमलं. त्याने बोट ओठांवर ठेवलं आणि दाराकडे दाखवलं.

हिशेब मिळायला दोन आठवडे लागतील, मग निघतो. महिनाअखेर पोचेन. काय काम करीन ते माहीत नाही, ते मला आल्याआल्या विचारू नकोस. आणि मला कुठल्या जागेवर बसवायचं ते तू तुझं ठरव, घाई नाही.

एवढ्या वर्षांत मी कधी घरी टिकलो नाही, त्यामुळे एक गोष्ट मला माहीतच नाही. आपल्याकडे टपाल किती वाजता येतं, ते विचारून ठेव.

भुंगा